सिनेमे बंद करू, की क्लास?

नमस्कार,
माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत. आम्ही पुण्यात राहतो. आठव्या वर्षापासून ती बॅले शिकते. यंदा तिच्या टीचरनी तिला पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट) घालायची परवानगी दिली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. बॅलेवरचे मिळतील ते सिनेमे लॅपटॉपवर बघते. ‘ब्लॅक स्वान’ तर आमच्या नकळत तीन-चारदा बघितलाय. आता सकाळी अर्धं मोसंबं आणि एक अंडं, एवढाच नाश्ता. रात्री भाकरीला हात लावत नाही, ताक पिऊन उठते. काही बोललं की म्हणते, ‘डान्सर्सना असंच राहावं लागतं, तुला माहीत नाही.’ म्हणून मी तो सिनेमा बघितला आणि रात्रभर डोळा लागला नाही. सासूबाई म्हणतात क्लास बंद करा. हे म्हणतात लॅपटॉप काढून घे. डान्सर्सचं आयुष्य खरंच असं असतं का? मी काय बंद करू?
– एक आई, पुणे

ताई,

आत्ता लगेच दोन्हींतलं काहीच बंद करू नका. पण एक काम याच आठवड्यात करा आणि ते सिनेमाच्या गप्पांआधी सांगते. लेकीला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. वजन-उंची बघू दे, रक्त तपासू दे. पाळी नियमित येते का, हे तिला एकटीला विचारा. दोन-तीन महिने चुकली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेहनत भरपूर आणि खाणं अपुरं असं फार दिवस चाललं की शरीर काटकसर करायला लागतं. पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. चौदावं वर्ष म्हणजे हाडं भरण्याचं वय, आणि तिने आत्ता कुठे अख्ख्या अंगाचा भार पायाच्या बोटांवर घ्यायला सुरुवात केली आहे. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर येत नाही, चक्कर येते, उकाड्यातही थंडी वाजते, मूठभर केस गळतात, यातलं काही दिसत असेल तर अजिबात थांबू नका. अशा वेळी मनाच्या डॉक्टरांकडे जाणं हाही उपचाराचाच भाग असतो. सरकारची ‘टेलीमानस’ ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. रात्र जागून काढलीत ती तुम्हीच.

आता सिनेमाकडे वळते, कारण तुमच्या पत्रातला तो नाश्ता मी ओळखला. ‘ब्लॅक स्वान’ची नायिका नीना ही बॅले नर्तिका. सुरुवातीलाच तिची आई तिच्यापुढे बशी ठेवते. बशीत अर्धं ग्रेपफ्रूट आणि एक अंडं. दोघी त्या गुलाबी फळाचं कौतुक करतात. तुमच्या लेकीने ग्रेपफ्रूटच्या जागी मोसंबं घेतलंय, बाकी बशी तीच. म्हणजे ती उगाच हट्टाला पेटलेली नाही. तिने एक नमुना समोर ठेवलाय आणि तो मन लावून गिरवते आहे. तिच्याशी बोलताना हे लक्षात ठेवा. तो नमुना नेमका कसला आहे, हे तिला दाखवून द्यायचं आहे.

डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा हा २०१०चा चित्रपट. नीनाची भूमिका नॅटली पोर्टमनची, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. ती लहानपणी बॅले शिकली होती, पण व्यवसायाने नटी. या भूमिकेसाठी तिने वर्षभर रोज कित्येक तास सराव केला आणि नऊ किलोच्या आसपास वजन उतरवलं. कशासाठी? कॅमेऱ्यासमोर नर्तिका ‘दिसावी’ म्हणून. चित्रीकरणात तिच्या बरगडीला दुखापतही झाली. आणि जी नृत्यं खरोखर कठीण होती, पॉइंटवरची, संपूर्ण शरीर दिसणारी, त्यांतली कितीतरी सारा लेनने केली आहेत. सारा लेन तेव्हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटर या संस्थेत सोलोइस्ट, म्हणजे एकल नाच करणारी नर्तिका होती. काही ठिकाणी तिच्या शरीरावर संगणकाने पोर्टमनचा चेहरा बसवला गेला. कोणी किती नाचलं यावर ऑस्करनंतर मोठा वादही झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची, हा आपला प्रश्न नाही. तुमच्या लेकीला एवढंच दाखवायचं आहे की उपाशी राहिलेली बाई आणि त्या अवघड गिरक्या घेणारी बाई या दोन वेगळ्या बायका आहेत. पडद्यावर त्या एक झाल्या, म्हणून तिला वाटलं की पहिलीसारखं राहिलं की दुसरीसारखं नाचता येतं.

हे तिला उपदेश म्हणून सांगू नका. नीना ज्यात नाचते त्या ‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकाची गोष्ट काढा, तिला ती तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. काळ्या हंसिणीच्या नाचात एका पायावर सलग ३२ फुएते, म्हणजे दुसऱ्या पायाच्या झटक्याने घेतलेल्या गिरक्या, घ्यावे लागतात. सेंट पीटर्सबर्गला १८९५च्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी या नर्तिकेने ते घेतले आणि तेव्हापासून ती प्रथाच पडली. त्याआधी दुसऱ्या अंकात आणि त्यानंतर चौथ्या अंकात त्याच नर्तिकेला पांढरी हंसीण करायची असते. हे सगळं अर्ध्या मोसंब्यावर कसं जमेल, हे तिलाच विचारा आणि उत्तर तिलाच शोधू द्या. तिच्या टीचरना विचारायला सांगा. स्नायू कशाने तयार होतात, तासभर बारवर, म्हणजे सरावाच्या दांडीला धरून, उभं राहिल्यावर मांड्या का थरथरतात, तालमीआधी काय खायचं, हे प्रश्न बॅले शिकणाऱ्या मुलीचेच आहेत. ती ते आवडीने विचारेल.

त्याच चित्रपटातला आणखी एक प्रसंग तुमच्यासाठी. नीनाला मोठी भूमिका मिळते आणि आई भलामोठा केक आणते. नीना म्हणते, एवढा नको, थोडासाच. तेवढ्यावर आईचा चेहरा बदलतो आणि ती अख्खा केक कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघते. लेक घाबरून माफी मागते आणि आईच्या बोटावरचं क्रीम खाते. अंगावर काटा येतो तो प्रसंग बघताना. तुम्ही तशा नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. पण ‘माझ्यासाठी एवढी भाकरी खा’, ‘तुझ्यापायी मी पण जेवले नाही’ ही वाक्यं आपल्या घरांत किती सहज तोंडात येतात! पुढचे काही महिने ती टाळा. ताटावरून भांडण नको. सगळ्यांनी एकत्र बसायचं, सगळ्यांच्या ताटात तेच वाढायचं, आणि जेवताना वजन, कॅलरी, दिसणं हे विषय कोणीच काढायचे नाहीत. सासूबाईंनाही हे नीट समजावून सांगा. ‘किती वाळलीस गं’ असं म्हणतात तेव्हा त्यांच्या पोटात माया असते. पण तुमच्या लेकीच्या कानाला आज ती शाबासकी वाटते.

तुम्ही विचारलंय, डान्सर्सचं आयुष्य खरंच असं असतं का. याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचं आहे, कारण सिनेमावाल्यांनी या बाबतीत फार वर्षांपासून एक सवय लावून घेतली आहे. बॅलेवरचा चित्रपट म्हटलं की ती नर्तिका शेवटी मेली पाहिजे, निदान वेडी तरी झाली पाहिजे. या सवयीचं मूळ बरंचसं ‘द रेड शूज’मध्ये आहे. मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांचा १९४८चा चित्रपट. मला तो अतिशय आवडतो, त्याचे रंग, त्यातला सतरा मिनिटांचा बॅले, सगळंच. त्यात लेर्मोंटॉव्ह नावाचा संस्थाचालक व्हिकी या तरुण नर्तिकेला नाच की संसार अशा कात्रीत धरतो. शेवटी ती सज्जावरून आगगाडीपुढे उडी घेते. मूळ कल्पना अँडरसनच्या परीकथेतली. तिथे लाल बूट घातलेल्या मुलीचा नाच थांबतच नाही, म्हणून तिचे पाय तोडावे लागतात.

पण व्हिकी झालेल्या मॉइरा शिअररचं काय झालं? ती लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅलेची खरीखुरी नर्तिका होती, विशीतली. चित्रपट करायला आधी ती तयारच नव्हती, तिला बॅलेच्या कामात खंड नको होता. चित्रपटाने ती जगभर प्रसिद्ध झाली. १९५०मध्ये तिने लग्न केलं, पुढे चार मुलं झाली. पन्नासच्या दशकात तिने बॅले थांबवला, नाटकांत कामं केली, आणि नंतर बॅलेवर पुस्तक लिहिलं. २००६ साली ती गेली तेव्हा ८० वर्षांची होती. पडद्यावर जिला नाच आणि संसार यांतलं एकच मिळत होतं, तिने प्रत्यक्षात दोन्ही केलं आणि एक थांबवून दुसरं पुढे नेलं. हे कोणी चित्रपटात दाखवत नाही, कारण त्यात आगगाडी नाही. नर्तिकेचं बरंचसं आयुष्य म्हणजे रोज सकाळी बारला हात लावून तेच प्लिए, तेच तांद्यू, गुडघे वाकवायचे आणि पाय ताणायचे तेच प्राथमिक व्यायाम. ते चित्रपटात आणायचं तर दिग्दर्शकाकडे फार धीर लागतो.

असा धीर असलेले दोन दिग्दर्शक मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे चित्रपट तुम्ही लेकीच्या शेजारी बसून बघावेत असं मनापासून वाटतं.

पहिला रॉबर्ट ऑल्टमनचा ‘द कंपनी’, २००३चा. यातले बहुतेक नर्तक शिकागोच्या जॉफ्री बॅलेचे खरे नर्तक आहेत. नायिका नेव्ह कॅम्पबेल स्वतः लहानपणी कॅनडाच्या नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकली आणि दुखापतींमुळे तिला ते सोडावं लागलं. चित्रपटाची कल्पनाही तिचीच. कथा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. ही मुलगी दिवसा तालीम करते आणि रात्री बारमध्ये वेट्रेसचं काम करते, कारण पगारात भागत नाही. तिचा मित्र स्वयंपाकी आहे. एका तालमीत एका नर्तिकेची टाचेमागची शीर तुटते. आरडाओरडा नाही, पार्श्वसंगीत नाही. तिच्यापुरतं सगळं तिथेच थांबतं, पण संस्थेचं काम चालू राहतं. हा प्रसंग लेकीने जरूर बघावा. तो खरा आहे आणि म्हणून ‘ब्लॅक स्वान’मधल्या नीनाच्या सगळ्या रक्तपातापेक्षा मला जास्त भिडतो.

दुसरा फ्रेडरिक वाइजमनचा ‘ला दान्स’, २००९चा माहितीपट, पॅरिस ऑपेराच्या बॅलेवर. अडीच तासांहून मोठा, निवेदन नाही, मुलाखती नाहीत. एका बैठकीत संपवायचा अट्टहास करू नका, चार दिवसांत तुकड्यातुकड्यांनी बघा. तालमी आहेत, शिवणकाम आहे, गच्चीवर मधमाश्या पाळणारा माणूस आहे, आणि कँटीन आहे. जगातल्या सर्वोत्तम नर्तकांपैकी काही जण तिथे कामाला येतात आणि जेवतात, बाकी नोकरदार माणसं जेवतात तसेच. तालमीत शिक्षक एकाच हाताच्या हालचालीवर किती वेळ घालवतात, तेही बघा. खांदा खाली, मान जरा लांब, पुन्हा. एवढी चिकाटी अंगात यायची तर माणसाचं डोकं जागेवर लागतं, आणि उपाशी पोटी ते राहत नाही.

मात्र लेकीला ‘सिनेमातलं सगळं खोटं’ असं सांगू नका. तिचा तुमच्यावरचा विश्वास उडेल, कारण सगळं खोटं नाही. या क्षेत्रात वजनावरून बोलणारी माणसं आहेत. न्यूयॉर्कची फार मोठी नर्तिका गेल्सी कर्कलंड हिने १९८६च्या आत्मचरित्रात स्वतःच्या खाण्याच्या आजाराबद्दल आणि व्यसनाबद्दल उघडपणे लिहिलं. १९७७च्या ‘द टर्निंग पॉइंट’ चित्रपटासाठी आधी तिलाच घेतलं होतं. पण त्या काळात ती आजारी होती आणि ती भूमिका लेस्ली ब्राउन या दुसऱ्या नर्तिकेकडे गेली. उपास करून तिला मिळालं काही नाही, हातातलं मात्र गेलं. कर्कलंड पुढे सावरली आणि तिने कित्येक मुलांना शिकवलं, हेही लेकीला सांगा.

हे आयुष्य छोटंही असतं. पॅरिस ऑपेरात नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांची खास पेन्शन फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळातली, १६९८ची. सरकारने तिला हात घालायचं ठरवलं तेव्हा २०१९च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, या नर्तिकांनी ऑपेराच्या बाहेर, थंडीत, पायऱ्यांपुढे ‘स्वान लेक’चा एक भाग नाचून संप केला. त्याचे व्हिडिओ सहज सापडतात. लेकीला ते दाखवाच. पांढऱ्या पोशाखातल्या हंसिणी आपल्या पेन्शनसाठी उभ्या आहेत. नाच हे काम आहे, त्याला पगार असतो, हक्क असतात आणि निवृत्तीही असते, हे तिला त्यातून जितकं समजेल तितकं माझ्या पत्रातून समजणार नाही.

आपल्या जवळचा चित्रपट हवा असेल तर सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’, २०२०चा. मुंबईतल्या दोन मुलांची खरी गोष्ट त्याच्या मुळाशी आहे, मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांची. मनीषचे वडील टॅक्सी चालवायचे. त्यातली निशूची भूमिका मनीषने स्वतः केली आहे, म्हणजे पडद्यावर जो नाचतो तोच खरा नर्तक. परक्या देशातून आलेला एक तापट, म्हातारा शिक्षक, घरातला विरोध, फी, व्हिसा, या त्यातल्या अडचणी आहेत. आरशासमोर स्वतःचा तिरस्कार करणारं त्यात कोणी नाही. तिथे दोघंही मुलगे आहेत आणि मुलींच्या शरीराकडे बघण्याची नजर वेगळी असते, हे मला कळतं. तरी बघा. चित्रपट सरळ आहे, थोडा गोडही आहे, आणि तुमच्या लेकीला मुंबईच्या गर्दीत बॅले बघायला मिळेल.

शेवटचा एक, ‘सेंटर स्टेज’, २०००चा. कलाकृती म्हणून साधाच, किशोरवयीन मुलांसाठी केलेला. पण त्यात मॉरीन नावाची मुलगी आहे. वर्गातली सगळ्यांत हुशार, आई अकादमीतच नोकरीला, आणि खाल्लेलं ओकून टाकायची सवय लागलेली. मॉरीन शेवटी बॅले सोडते. कोणी मरत नाही, कोणाला शाप लागत नाही. ती आईला सांगते आणि दुसऱ्या वाटेने जाते. हा चित्रपट बघताना तुम्ही काही बोलू नका. लेकीने बोलायला सुरुवात केली तर ऐका. नाही केली तरी चालेल. उद्या कधी तिला हे सोडावंसं वाटलं, तर सोडता येतं, आणि सोडल्यावर आई रागावत नाही, एवढं तिला ठाऊक असलं पाहिजे. आणि तुम्हालाही.

राहिला क्लास. तो सिनेमावरून ठरवू नका, क्लास बघून ठरवा. टीचरना भेटायची वेळ मागून घ्या आणि घरी काय चाललंय ते स्पष्ट सांगा. त्या मुलींचं वजन करतात का? पोट, मांड्या यांवर सगळ्यांसमोर शेरे मारतात का? लेकीला पॉइंट शूज कशाच्या आधारावर दिले? घोटा, पाऊल, पोटाचे स्नायू आणि शिकण्याची वर्षं बघून दिले असतील, तर चांगल्या हातात आहे ती. दुखतंय म्हटल्यावर बसू देतात का, हेही विचारा. दुसऱ्या मुलींच्या आयांशी बोला. चांगली शिक्षिका तुमचं ऐकून घाबरेल, मग स्वतःच लेकीला बाजूला घेऊन सांगेल की मला वर्गात जेवलेली मुलगी हवी. तिच्या तोंडचं ते एक वाक्य तुमच्या-माझ्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त काम करेल. आणि ‘बारीक झालीस, छान!’ असं तिथे कोणी म्हणत असेल, तर क्लास बदला. बॅले बंद करू नका, क्लास बदला.

डॉक्टर काही दिवस पॉइंट थांबवायला सांगतील अशी शक्यता आहे. तसं झालं तर लेक रडेल, तुमच्यावर चिडेल. तिला वर्गात बसून बघायला जाऊ द्या, शूजच्या रिबिनी शिवू द्या, पुढच्या कार्यक्रमाच्या संगीताच्या कामात मदत करू द्या. नर्तक दुखापतीत हेच करतात. ‘खाल्लंस तर पॉइंट परत मिळेल’ असा सौदा मात्र घरात करू नका. परत कधी सुरू करायचं ते डॉक्टर आणि टीचर मिळून ठरवतील. लॅपटॉप दिवाणखान्यात ठेवा, दार बंद करून रात्री बघणं नको, एवढं घरचा नियम म्हणून सांगायला हरकत नाही. अमेरिकेतही ‘ब्लॅक स्वान’ सतरा वर्षांखालच्या मुलांना थिएटरमध्ये मोठ्या माणसांशिवाय बघता येत नव्हता. तिला तो पुन्हा बघायचा असेल तर तुमच्याबरोबर बघू दे, आणि सारा लेनची गोष्ट त्याआधी सांगा.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा. आणि ‘ला दान्स’ बघितलात तर त्यातला कोणता भाग लेकीने पुन्हा लावायला सांगितला, तेही लिहा.